आठ पिचकाऱ्यांच्या शोधात

पहाटेचे पाच. अजून फटफटलेलंही नाही. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला तीसेक मैलांवर पोमोना नावाचं गाव आहे, तिथल्या जत्रेच्या मैदानावर हातात बॅटऱ्या घेतलेली माणसं लगबगीनं निघालेली दिसतात. कुणाच्या पाठीवर रिकामी पिशवी, कुणाच्या हाताशी लहान मुलाची ढकलगाडी. पण गाडीत मूल नसतं. येताना तीत एखादा गिअरबॉक्स घालून आणायचा असतो! वर्षातून काही ठरावीक रविवारी इथे जुन्या मोटारींचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. जमिनीवर ताडपत्री अंथरून तिच्यावर हेडलाइट, कार्ब्युरेटर, गंजलेली बंपरं, स्टिअरिंगची चाकं मांडलेली असतात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईत शुक्रवारी पहाटे जागा होणारा चोरबाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे फारसं परकं वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे प्रत्येक जण मोटारीसाठीच आलेला असतो आणि चांगला माल सूर्य उगवायच्या आत विकला जातो. म्हणून तर बॅटऱ्या.

या गर्दीत एक जात वेगळी ओळखू येते. तिला हेडलाइट नको असतो, बंपर नको असतं. तिची नजर ताडपत्रीवर एकच आकार शोधत असते: अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव तुकड्यावर ओळीनं उभे असलेले आठ चकचकीत भोंगे. हे भोंगे म्हणजे इंधन-इंजेक्शनचे श्वासनळ्यांसारखे हवेचे मार्ग. आणि ही जात म्हणजे 'हॉट रॉड'वाली मंडळी.

हॉट रॉड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली खिसे रिकामे असलेली पोरं फोर्डच्या जुन्या, टाकाऊ गाड्या पैदा करायची. मडगार्ड काढ, छप्पर काढ, वजन कमी कर, इंजिनाची ताकद वाढव, हा त्यांचा उद्योग. मग ती गाडी घेऊन ती म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर जायची आणि कोण किती वेगानं पळतं ते घड्याळ लावून पाहायची. १९३२ सालची व्ही-८ इंजिनाची फोर्ड ही त्यांची सर्वांत लाडकी. १९३७ साली या तलावांवरच्या शर्यतींसाठी संघटना निघाली, १९४८च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिक सुरू झालं आणि बघता बघता पोरांच्या या उचापतीला छंदाची प्रतिष्ठा आली. आज त्या पोरांची नातवंडंसुद्धा आजोबा झाली आहेत. छंद मात्र टिकून आहे.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनाला हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात मिसळून द्यावं लागतं. वजनानं पाहिलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. हे काम पूर्वी कार्ब्युरेटर करायचा. आत खेचली जाणारी हवा अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. साधी, स्वस्त युक्ती. पण तिचे चोचले फार. थंडीच्या सकाळी फियाटचा किंवा अ‍ॅम्बेसेडरचा चोक ओढून बसलेल्या वडिलांची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय वळणावर गाडी जोरात झुकली, की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जमा होतं आणि इंजिन आचके देतं. शर्यतीत हे परवडत नाही.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल ओढलं जायची वाट कुणी पाहत नाही. पंप ते दाबानं पुढे ढकलतो आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेली पिचकारी ते उडवते. आठ सिलिंडर, आठ पिचकाऱ्या. आपल्याकडे २०००च्या आसपास गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं झळकू लागली, ती याच तत्त्वाची. फक्त त्यात संगणक आला होता. हॉट रॉडवाल्यांकडे ही पिचकारी त्याच्या पन्नास वर्षं आधी होती, संगणकाशिवाय!

तिचा जनक स्टुअर्ट हिलबॉर्न. जन्म १९१७चा, कॅनडातल्या कॅलगरीचा, वाढला कॅलिफोर्नियात. शिक्षणानं रसायनतज्ज्ञ, रंगाच्या धंद्यात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर गाडी पळवायची. आपल्या व्ही-८ इंजिनाला कार्ब्युरेटर पुरा पडत नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं स्वतःच इंजेक्शनची जुळणी केली. १९४८ साली त्याची निमुळती, लांबोळकी गाडी कोरड्या तलावावर ताशी १५० मैलांच्या पुढे गेली. हा टप्पा ओलांडणारी ती पहिली हॉट रॉड. पुढे त्यानं याचाच धंदा केला. पन्नाशीच्या दशकात इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत हिलबॉर्नचं इंजेक्शन ही नेहमीची गोष्ट होऊन बसली. २०१३ साली, वयाच्या ९६व्या वर्षी हिलबॉर्न गेला. त्याच्या नावाचे भोंगे मात्र पोमोनाच्या ताडपत्रीवर अजून भेटतात.

त्याची रचना ऐकली, तर हसू येईल इतकी सोपी आहे. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा एक पंप. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं जास्त इंधन पंप ढकलणार. पुढे एक गोल दट्ट्याची झडप, जिला ते 'बॅरल व्हॉल्व्ह' म्हणतात. ती अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली. पाय किती दाबला त्यानुसार ती पिचकाऱ्यांकडे कमी-जास्त इंधन सोडते. उरलेलं इंधन परत टाकीकडे. या परतीच्या वाटेवर पितळेची एक छोटी चकती, तिच्या मधोमध भोक. तिला नाव 'पिल', म्हणजे गोळी. सगळी मेख या गोळीत आहे. भोक मोठं केलं, तर जास्त इंधन टाकीत परत जातं आणि इंजिनाला कमी मिळतं. भोक लहान केलं, की उलट. शर्यतीच्या दिवशी हवा थंड आहे की उष्ण, गाव समुद्रसपाटीला आहे की डोंगरावर, हे पाहून मिस्त्री गोळी बदलतो. डॉक्टर हवामान पाहून औषध बदलतो, तसंच म्हणा ना!

आता प्रश्न येईल: एवढी सोपी वस्तू आहे, तर नवी का घेत नाहीत? काही जण घेतात. नव्याही मिळतात. पण नव्या संचाची किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते, हे एक कारण. दुसरं कारण पैशांचं नाही. ज्यानं १९५५ सालचं शेव्हरोलेचं इंजिन दोन वर्षं खपून उभं केलंय, त्याला त्यावर त्याच काळातली वस्तू हवी असते. चाळीतल्या देवघरात चायनीज दिव्यांची माळ टांगता येते, पण आजीला समईच हवी असते, तसा हा प्रकार. आणि म्हणून मग जुन्याचा शोध सुरू होतो, जिथे पैसे वाचतातही आणि बुडतातही.

बुडतात कसे, ते पाहण्यासारखं आहे.

समजा, असा एक गृहस्थ पोमोनाच्या बाजारात उभा आहे. वय पन्नाशीचं, खिशात वर्षभर साठवलेले रोख डॉलर. समोर ताडपत्रीवर हिलबॉर्नचा संच. घासूनपुसून आरशासारखा केलेला. विकणारा म्हणतो, "काढला तेव्हा चालू होता." जगातल्या कुठल्याही जुन्या बाजारात हे वाक्य ऐकू येतं आणि कुठल्याही बाजारात त्याचा अर्थ शून्य असतो. जाणकार माणूस वाक्याकडे लक्ष देत नाही, तो चमकेकडेही संशयानं बघतो. कारण पॉलिशखाली वेल्डिंग लपतं. तो संच उलटा करतो. इंजिनावर बसणारी खालची बाजू कुणी पॉलिश करत नाही. तडा गेलेला, भरलेला, कानसीनं घासलेला भाग दिसतो तो तिथे.

मग तो भोंग्यांखालच्या गोल पाती उघडझाप करून बघतो. या पातींना फुलपाखरू म्हणतात. आठही फुलपाखरं एकाच वेळी उघडली पाहिजेत, एकाच वेळी मिटली पाहिजेत. बॅटरी खालून लावायची आणि वरून बघायचं: मिटल्यावर कडेनं उजेडाची रेघ सगळीकडे सारखी दिसते का? एकीकडे चंद्रकोर आणि दुसरीकडे अंधार दिसला, तर त्या सिलिंडरला जास्त हवा जाणार आणि इंजिन उभ्या गाडीत लंगडणार. मग पातींच्या दांड्याला बोटांनी वरखाली हलवून पाहायचं. थोडासा खडखडाट जरी लागला, तरी दांड्याची भोकं झिजली आहेत. तिथून चोरून हवा शिरणार. हे दुरुस्त होतं. नवे बुश बसवता येतात, पण त्याचे पैसे भावातून कमी करून घ्यायचे असतात, घरी गेल्यावर आठवून उपयोग नाही.

बॅरल व्हॉल्व्ह उघडून पाहू देणारा विक्रेता म्हणजे सज्जन. आतला दट्ट्या आणि त्याचं घर ही जोडी एकमेकांना घासून बसवलेली असते. एका संचातला दट्ट्या दुसऱ्याच्या घरात टाकला, तर तो आत जाईल. पण इंधन कडेनं झिरपेल. त्यावर उभा ओरखडा असेल, तर इंजिन मंद गतीवर कधीच नीट चालणार नाही. मंद गतीचं गणित याच झडपेच्या झिरपण्यावर बेतलेलं असतं. पंपाचा दांडा हातानं फिरवून बघायचा. मऊ, सारखा फिरला तर ठीक. दाणे लागले, की आत खड्डे पडलेत.

हे खड्डे पडण्याचं कारण मिथेनॉल. शर्यतीच्या गाड्यांत पेट्रोलऐवजी बहुधा हेच जाळतात, कारण ते थंड जळतं आणि ताकद जास्त देतं. पण अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम या धातूंशी त्याचं वैर आहे. शर्यत संपल्यावर सगळी यंत्रणा धुऊन काढावी लागते. ज्यानं १९७२ साली शेवटची शर्यत मारली आणि न धुता गाडी कोपऱ्यात लावली, त्याच्या पंपात आज पांढरी पावडर सापडते. मिठाच्या बरणीसारखी.

याच मिथेनॉलमुळे आणखी एक फसगत होते आणि ती जास्त महागात पडते. मिथेनॉलला हवेचं प्रमाण एकास ६.४ लागतं, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या दुपटीहून जास्त मिथेनॉल उडवावं लागतं. त्यामुळे शर्यतीच्या संचातल्या पिचकाऱ्यांची भोकं मोठी असतात. असा संच रस्त्यावरच्या पेट्रोलच्या गाडीला लावला, की इंजिन पेट्रोलनं बुडतं, काळा धूर ओकतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जातं. मग घाबरून मालक भलतीच मोठी गोळी लावतो, इंधन गरजेपेक्षा कमी होतं आणि पिस्टनच्या माथ्यावर वितळून भोक पडतं. दोन वर्षांची मेहनत एका संध्याकाळी. म्हणून पिचकाऱ्यांवर ठोकलेले आकडे वाचायचे. आठही सारखे हवेत. आणि आकड्यांवरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, कारण गेल्या पन्नास वर्षांत कुणीतरी ड्रिल फिरवून भोक मोठं केलेलं असू शकतं. बारीक मापाच्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून पाहणारे लोक आहेत. त्यांना विक्रेते 'किचकट गिऱ्हाईक' म्हणतात. त्यांची इंजिनं मात्र शाबूत असतात.

खरेदीत सर्वांत आनंदाची गोष्ट कोणती? संचाबरोबर मिळालेला पत्र्याचा डबा. त्यात निरनिराळ्या भोकांच्या गोळ्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला, आणि तेलकट वहीत कुठल्या शर्यतीला, किती उष्ण्यात कुठली गोळी लावली त्याची टाचणं. असा डबा असेल, तर भावात फार ताणू नये. ज्यानं ही वही ठेवली त्यानं पंपही धुतला असणार.

डबा असला तरी एक गोष्ट विसरून चालत नाही: हा संच कुठल्या इंजिनासाठी ओतलेला आहे? क्रायस्लरची जुनी 'हेमी' इंजिनं ३३१, ३५४, ३९२ घनइंचांची. सगळी एकाच घराण्यातली, चेहराही सारखा. पण ३९२चा ठोकळा उंच असल्यामुळे दोन बाजूंच्या हेडमधलं अंतर जास्त. ३५४चा संच तिच्यावर ठेवला, तर मध्ये फट राहते. मग जोडतुकडे करून घ्या, ते झिरपले तर पुन्हा करा. पंप चालवायचा पुढचा जोड, म्हणजे कॅमशाफ्टपासून बाहेर येणारा भाग, पुष्कळदा संचाबरोबर नसतोच. तो वेगळा शोधायचा. आणि त्यात पुढचा एखादा हंगाम जातो.

हिलबॉर्नच्या वाटेला न जाता काही जण आणखी दुर्मीळ शिकार शोधतात: रॉचेस्टरचं 'रॅमजेट'. १९५७ साली जनरल मोटर्सनं शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला कारखान्यातूनच इंजेक्शन देऊ केलं. २८३ घनइंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती, म्हणजे एका घनइंचाला एक! जाहिरातींत याचा डांगोरा पिटला गेला. खरं तर क्रायस्लरनं आदल्याच वर्षी कार्ब्युरेटरवर ३५४ घनइंचांतून ३५५ अश्वशक्ती काढून दाखवली होती. पण जाहिरातीत गोल आकडा ज्याचा, त्याची चलती. तीन हजारांहून थोडी जास्त किंमत असलेल्या गाडीवर या इंजेक्शनसाठी पाचशे डॉलरच्या आतबाहेर जादा मोजावे लागत.

पुढे जे झालं, ते आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं वाटेल. वस्तू चांगली, पण दुरुस्त करणारा नाही. गावच्या डीलरकडच्या मेकॅनिकला कार्ब्युरेटर कळत होता, हे प्रकरण नाही. सूक्ष्म भोकांत कचरा अडकायचा, गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू करताना रुसायचं. वैतागून मालक म्हणायचा, काढून टाक ते आणि साधा कार्ब्युरेटर बसव. काढलेलं रॅमजेट गॅरेजच्या फळीवर, नाहीतर भंगारात. १९६५ साली तर कंपनीनंच हिशेब मांडून दाखवला: पाचशेच्या वर डॉलर देऊन इंजेक्शनची ३७५ अश्वशक्ती घ्या, नाहीतर तीनशेच्या आत नवं ३९६ घनइंची इंजिन ४२५ अश्वशक्तीसह घ्या. गिऱ्हाईक कुठे गेलं असेल ते सांगायला नको. त्या वर्षानंतर रॅमजेट बंद झालं.

आणि आता? भंगारात फेकलेल्या त्याच वस्तूसाठी आज हजारो डॉलर मोजायला माणसं तयार असतात. साहजिकच लबाडीही आली. रॅमजेटच्या अंगावर नमुना क्रमांकाची पत्र्याची पाटी असते आणि तिच्यावरून ते कुठल्या वर्षाचं, कुठल्या इंजिनाचं ते कळतं. या पाट्या हुबेहूब नव्या करून मिळतात. तेव्हा पाटी बघून पैसे काढणारा फसतो. जाणता माणूस पाटीच्या रिव्हेटा बघतो, ओतकामावरचे आकडे बघतो. आणि विचारतो, "डिस्ट्रिब्युटर कुठाय?" कारण रॅमजेटचा इंधनपंप डिस्ट्रिब्युटरमधून निघालेल्या केबलवर फिरतो. साधा डिस्ट्रिब्युटर चालत नाही. तो खास डिस्ट्रिब्युटर नसेल, तर हातात आहे ती अर्धी वस्तू.

सगळ्यांनाच अशी हौस परवडत नाही. बऱ्याच जणांना गाडी दाखवायची नसते, चालवायची असते. बायकोला शेजारी बसवून समुद्रकाठानं चक्कर मारायची, सिग्नलला इंजिन बंद पडू नये, एवढीच अपेक्षा. त्यांच्यासाठी पोमोनाचा बाजार नाही, मोटारींची स्मशानं आहेत. अपघातात मोडलेल्या, विम्यात निकालात निघालेल्या गाड्या तिथे रांगेनं, चाकांच्या जुन्या रिमांवर चढवून ठेवलेल्या असतात. फोर्डची आळी वेगळी, जनरल मोटर्सची वेगळी. थोडी प्रवेश फी भरा, आपले पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन आत जा, हवं ते स्वतः खोला आणि बाहेर येऊन पैसे द्या.

इथे एके काळी राज्य होतं ते १९८५ ते १९९२च्या कॅमारो, फायरबर्ड आणि कॉर्व्हेट गाड्यांतल्या 'ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन'चं. इंजिनावर कोळ्याच्या पायांसारख्या वाकलेल्या लांब नळ्या, दिसायलाही झोकदार. शेव्हरोलेचं लहान व्ही-८ इंजिन १९५५पासून एकाच घडणीत निघत आल्यामुळे एका वर्षाची वस्तू दुसऱ्या वर्षाच्या इंजिनावर सहसा बसते, हा या छंदाचा केवढा आधार! पण १९८७ साली कंपनीनं लोखंडी हेडवरच्या मधल्या बोल्टांचा कोन बदलला. फक्त मधल्या! बाहेरचे बोल्ट गोडीगुलाबीनं बसतात आणि मधल्यांपाशी येऊन माणूस घाम पुसतो. मॅनिफोल्डची भोकं घासून वाट काढता येते, पण ती रविवारी संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर कळण्याची गोष्ट नव्हे.

आता ते संच स्मशानांत फारसे उरले नाहीत. हल्ली ओढा आहे तो १९९९नंतरच्या शेव्हरोलेच्या मालवाहू पिकअपमधल्या ५.३ लिटर इंजिनाकडे. त्यांची पैदास प्रचंड, त्यामुळे मिळतात ठिकठिकाणी. इथे शहाणपण एकच: नुसतं इंजेक्शन न घेता इंजिन, वायरिंगची पूर्ण जुडी आणि संगणक, सगळं एकाच गाडीतलं, एकाच दिवशी घ्यायचं. वायरिंग कापून काढलेलं असेल, तर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नये. कातरलेल्या साठ-सत्तर तारांचा गुंता सोडवणं म्हणजे शिक्षा. नंतरच्या वर्षांत अ‍ॅक्सिलरेटरची केबलच गेली. पायाखालचं पॅडल विजेनं निरोप धाडतं. ते पॅडल, त्याचा छोटा डबा आणि मुख्य संगणक एकमेकांना ओळखणारे हवेत. पुष्कळ लोक इंजिन उचलून आणतात आणि पॅडल त्याच गाडीत विसरून येतात. परत जावं, तर ती गाडी दाबयंत्रात जाऊन तिची वीट झालेली असते! शिवाय या संगणकात चोरीविरोधी कुलूप असतं. मूळ किल्लीची खूण पटली नाही, तर तो इंधनच सोडत नाही. जाणकाराकडून ते कुलूप काढून घ्यावं लागतं.

घरी आणल्यावरची मोठी गोष्ट म्हणजे दाब. कार्ब्युरेटरला पेट्रोल चौरस इंचाला पाच-सात पौंड दाबानं लागतं. या नव्या इंजेक्शनला ५८ पौंड. जुन्या टाकीतला, जुन्या नळ्यांतला मामला इथे चालत नाही. टाकीत वेगळा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, पक्के जोड, हे सगळं आलंच. याच मंडळींतल्या कुणीतरी शोधून काढलेली एक युक्ती सर्वत्र चालते: १९९९च्या कॉर्व्हेटचा पेट्रोल फिल्टर. त्याच्या पोटातच दाब नेमका ५८ पौंडांवर धरणारा नियंत्रक आहे. तो टाकीजवळ बसवला, की पुढे इंजिनापर्यंत एकच नळी पुरते, परतीची लांब नळी ओढायला नको. शंभर ठिकाणी डोकं खाजवण्यापेक्षा एक फिल्टर.

नळ्यांच्या बाबतीत मात्र काटकसर केली, तर ती जिवावर बेतू शकते. पाच पौंडांवर झिरपणारा जोड थेंब सोडतो. ५८ पौंडांवर तोच जोड गरम एक्झॉस्टवर फवारा मारतो. जुनं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतं आणि भेगाळतं. भारतातही पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागल्यापासून जुन्या गाड्यांचे शौकीन हाच विषय काढून बसतात. संचाबरोबर आलेली रबराची प्रत्येक नळी, प्रत्येक ओ-रिंग टाकून नवी घालायची, मग ती कितीही ठणठणीत दिसो. मिथेनॉलवाल्यांना तर जास्त जपावं लागतं, कारण त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतच नाही. १९८१च्या इंडियानापोलिस शर्यतीत इंधन भरताना रिक मिअर्सची गाडी पेटली. त्याचा चेहरा भाजला, भोवतीची माणसं हातवारे करत होती आणि पाहणाऱ्यांना आग कुठे आहे तेच कळत नव्हतं.

पोमोनाहून संच घेऊन आलेला तो पन्नाशीचा गृहस्थ या सगळ्यातून गेला असं समजा. त्यानं पंप आणि पिचकाऱ्या तपासायला पाठवल्या. असे धंदे आहेत, जिथे प्रत्येक पिचकारीतून ठरावीक दाबाला किती इंधन जातं ते मोजून कागदावर लिहून देतात. बॅरल व्हॉल्व्ह किती टक्के झिरपतो तेही. दोन पिचकाऱ्या बदलाव्या लागल्या. फुलपाखरांच्या दांड्यांना नवे बुश बसले. बाजारात वाचलेले पैसे इथे गेले, पण इतकं तो धरूनच होता.

मग एके शनिवारी सकाळी गॅरेजचं दार पूर्ण उघडून, हाताशी आगीचा नळकांडा ठेवून, पहिल्यांदा इंजिन फिरवायचं. सुरुवातीला आठपैकी पाचच बोलतात. उरलेल्या तिघांचे पाइप थंडच. हात लावून कळतं. गोळी बदल, पुन्हा फिरव, झडपेचा दांडा एक आटा आत घे, पुन्हा फिरव. शेजारचा माणूस वर्तमानपत्र घेऊन कुंपणापाशी येतो. आतून बायको विचारते, नाश्ता आता करायचा की अजून वेळ आहे? अजून वेळ आहे. तेलकट वहीतल्या शेवटच्या पानाखाली तो स्वतःच्या अक्षरात तारीख, तपमान आणि गोळीचा आकडा लिहितो आणि पुन्हा किल्ली फिरवतो.

काढलेला कार्ब्युरेटर मात्र तो टाकत नाही. तेल लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाकाखालच्या खोक्यात ठेवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: 'चालू आहे'.